नोकरी बदलली, पाय का थांबले?

१ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लाखो भीमसैनिक कोरेगाव भीमाला येतात. २०१८ च्या हल्ल्यानंतर बंदोबस्त वाढला. आता गाड्या दूरच्या वाहनतळावर लावाव्या लागतात आणि तेथून स्तंभाकडे पीएमपीच्या बस सोडल्या जातात. अशाच एका बसच्या रांगेत आम्ही उभे होतो. रांग हलत नव्हती. आमच्या पुढे एक गृहस्थ होते. छातीवर पदके, डोक्यावर निळी टोपी. जयभीम झाला, बोलणे निघाले. सतरा वर्षे फौजेत काढून हवालदार म्हणून बाहेर पडलेले, आता एका बँकेच्या एटीएमवर सुरक्षारक्षक. आम्ही म्हटले, "हवालदारसाहेब, दोन-तीन किलोमीटर तर आहे, चालत जाऊ." ते हसले. "दादा, आता कुठलं चालणं होतंय! शुगर आहे, गुडघे धरलेत. फौजेत होतो तेव्हाची गोष्ट वेगळी होती." वय विचारले. त्रेचाळीस.

ज्या स्तंभाला वंदन करण्यासाठी ते बसची वाट पाहत होते, त्या स्तंभाची गोष्ट पायांपासून सुरू होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून निघाली. सुमारे पाचशे पायदळ, तीनशेच्या आसपास घोडेस्वार आणि दोन तोफा. रात्रभर चालून ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भीमेकाठी पोचली. आजच्या पुणे-नगर रस्त्याने मोजले तर हे अंतर चाळीस किलोमीटरच्या घरात जाते. एवढे चालून आलेले सैनिक विसावा न घेता, अन्नपाण्यावाचून दिवसभर पेशव्यांच्या सैन्याशी लढले. स्तंभावर जी ४९ नावे कोरलेली आहेत, त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. आपण दरवर्षी त्यांच्या शौर्याबद्दल बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण शौर्य गाजवायला आधी तिथवर पोचावे लागते आणि ते ज्या पायांनी पोचले त्या पायांविषयी आपण कधीच बोलत नाही. आज तेवढ्यासाठी हा स्तंभलेख.

प्रश्न एकट्या हवालदारांचा नाही. आपल्या वस्तीत नजर फिरवा. गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेला कामगार, बदलीवरून कायम झालेला आणि मग कार्यालयात खुर्ची मिळालेला सफाई कर्मचारी, शेतमजुरी सोडून रांजणगावच्या कारखान्यात यंत्रापुढे बसलेली मुलगी, भरतीत हुकल्यावर ठेकेदाराकडे लागलेला तरुण. या सर्वांनी काम बदलले. पगार बदलला, घराचा पत्ता बदलला, मुलांची शाळा बदलली. या बदलात शरीराचे काय झाले, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. ते कळते तीन-चार वर्षांनी, सरकारी दवाखान्यात रक्त तपासल्यावर.

'करिअर बदलणे' हा आजचा शब्द. शहरातली शिकलेली मुले तो सहज वापरतात. आपल्या समाजाने मात्र हा बदल एका सरकारी धोरणाने अनुभवला आहे आणि तो इतिहास आपल्याला ठाऊक असला पाहिजे. शिवकालापासून पुढे कंपनी सरकारच्या मुंबई फौजेपर्यंत महार शिपाई लढत आला. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हा हिंदुस्थानचा सरसेनापती होता. काही जाती जन्मजात लढाऊ आणि काही नालायक, असे मानणाऱ्या विचाराचा तो पुरस्कर्ता. चातुर्वर्ण्याला इंग्रजी गणवेश चढवला की काय होते, ते यात दिसते! १८९२ च्या सुमारास महारांची फौजेतील भरती बंद झाली. ज्यांच्या वाडवडिलांची नावे कोरेगावच्या दगडावर कोरली गेली, त्यांच्या मुलांना सांगण्यात आले की तुम्ही लढवय्ये नाहीत.

या एका निर्णयाने किती घरांच्या वाटा बदलल्या याचा विचार करा. फौजेत केवळ पगार नव्हता. तेथे पहाटे उठणे होते, कवायत होती, वेळेवर जेवण होते, ताठ चालणे होते आणि लिहावाचायला शिकवणारी पलटणीची शाळा होती. भरती बंद होताच हे सारे एकदम आटले. मागे राहिली गावकी, नाहीतर मुंबईची गोदी, गिरणी आणि रेल्वे. गिरणीतही भेद होताच. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तेथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला तेथे मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

अशा वेळी निवृत्त फौजींनी काय केले? ते हातपाय गाळून बसले नाहीत. गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले, अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले आणि १८९४ मध्ये त्यांनी भरती पुन्हा सुरू करण्याविषयीचे विनंतीपत्र तयार केले. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी तोच प्रश्न घेऊन १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. आणि सुभेदार रामजी सकपाळ? आयुष्यात त्यांनी किती कामे बदलली ते पाहा. शिपाई, पलटणीच्या शाळेतील शिक्षक व मुख्याध्यापक, निवृत्तीनंतर दापोली, मग साताऱ्यास बांधकाम खात्यात भांडारपाल, त्यानंतर मुंबईतील परळच्या चाळीतली एक खोली. पदे गेली, जागा बदलल्या. बदलली नाही ती शिस्त. परळच्या त्या खोलीत रात्री दोन वाजता उठून ते भीमरावाला अभ्यासाला जागे करीत. छावणीतला बिगुल त्यांनी घरी आणला होता असेच म्हणावे लागेल.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा इंग्रजांना महार पुन्हा आठवला. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ मध्ये ती मोडली. पुन्हा तीच गत! शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. मधल्या वीस वर्षांत हे शरीर कोठे होते? ते चळवळीत होते. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला जी माणसे रांगेने चालत गेली, त्यांत निवृत्त फौजी होते. समता सैनिक दलाच्या कवायतीत फौजेची तालीम उतरली. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिरावर निघालेली मिरवणूक, नामांतरासाठी १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्च, हे सारे पायांनी घडले आहे. आपली चळवळ मोटारीतून आलेली नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे, म्हणून त्याला बगल देता येणार नाही. आमचे एक वडीलधारे कार्यकर्ते आहेत, आयुष्यभर हमाली केली, मुलगा आता तहसील कार्यालयात कारकून आहे. आम्ही त्याच्या चालण्याविषयी बोललो तेव्हा ते उसळून म्हणाले, "माझ्या बापानं गावाच्या चिठ्ठ्या पोचवत आयुष्य काढलं. मी पाठीवर पोती वाहिली. पोराला खुर्ची मिळाली, तर तुम्ही त्याला पुन्हा चालायला लावता?"

या रागामागे हजारो वर्षे आहेत. वतनदार महाराने काय काय करावे? गावाचा सांगावा परगावी पोचवावा, पाहुणा आला की पुढे धावावे, सरकारी माणसाचे ओझे न्यावे, मेलेले ढोर ओढावे, रात्री वेशीवर जागावे. त्याच्या पायांना रात्र नव्हती, दिवस नव्हता. पाय त्याचे, हुकूम दुसऱ्याचा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच गुलामीविरुद्ध. ही वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. तेव्हा ज्या समाजाचे अंग पिढ्यान्‌पिढ्या इतरांसाठी झिजले, त्याला बसायला मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. खुर्ची हे आपल्यासाठी फर्निचर नाही, ती हक्काची जागा आहे. बाबासाहेबांच्या पुतळ्यांकडे पाहा. कोट, हातात ग्रंथ, उंचावलेले बोट. घाम गाळणाऱ्या समाजाला त्यांनी बुद्धीचे काम दाखवले.

पण नेमकी येथेच गफलत होते. सक्तीचे कष्ट नाकारणे वेगळे आणि शरीर नाकारणे वेगळे. दुसऱ्याच्या हुकमाने धावणे ही गुलामी होती. आपल्या मर्जीने, आपल्या वेळेला, आपल्या जिवासाठी चालणे म्हणजे आपले शरीर आपल्या ताब्यात घेणे. गुलामाला ते कधीच करता आले नाही. त्या वडीलधाऱ्यांना आम्ही एवढेच म्हटले, की तुमच्या वडिलांना पाटलासाठी चालावे लागले, मुलाला स्वतःसाठी चालू द्या. ते काही बोलले नाहीत. पटले असे आम्ही म्हणणार नाही.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. "मी बारा तास उभा असतो, मला व्यायामाची काय गरज?" सुरक्षारक्षक म्हणतो, हमाल म्हणतो, कारखान्यातला कंत्राटी कामगार म्हणतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी हा प्रश्न अलीकडच्या वर्षांत बारकाईने तपासला. त्यांना आढळले ते असे: फावल्या वेळातल्या हालचालीचा हृदयाला जो फायदा होतो, तो कामावरच्या जड कष्टांचा होताना दिसत नाही, उलट काही बाबतींत अपायच दिसतो. कारण कळायला सोपे आहे. कामावर विश्रांती आपल्या हातात नसते. तेच ते ओझे, तेच ते वाकणे, तासन्‌तास एका जागी उभे राहणे. रक्तदाब दिवसभर चढलेला, शरीराला सावरायला वेळ नाही. व्यायामात आपण थोडा वेळ जोर लावतो आणि मग थांबतो. तो थांबा ठेकेदार देत नाही. म्हणून बारा तास उभे राहून पायाच्या शिरा फुगतात, पोट मात्र कमी होत नाही.

आणि बसून काम करणाऱ्याचे काय? लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने केलेले संशोधन १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. बस एकच, धूर एकच, पगाराची पातळी जवळपास सारखी. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिन्याने वरखाली करणारा. चालकांच्या मानाने वाहकांना हृदयविकार कमी झाला आणि झाला तरी तितका जीवघेणा ठरला नाही. पुढे १९५६ मध्ये त्याच डॉक्टरने या कामगारांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींची कंबर मोठी निघाली. आमचे हवालदार हे ऐकून म्हणाले, "मग माझ्या फौजेच्या पट्ट्याचं पण संशोधन करा. शेवटचं भोक केव्हाच संपलं."

फौजीचे असे का होते, हे त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखे आहे. फौजेत भूक मोठी, कारण खर्च मोठा. पहाटेची पीटी, दुपारची परेड, संध्याकाळी खेळ. निवृत्तीनंतर खर्च थांबतो, ताट मात्र तेवढेच राहते. त्यात रात्रपाळी, एटीएमच्या काचेमागे बसणे, जागे राहण्यासाठी दर दोन तासांनी गोड चहा, सकाळी घरी येऊन झोप. चालते स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे शरीराचे साधे गणित आहे. स्नायू थांबले की साखर रक्तातच फिरत राहते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा आणि तेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला. आपली माणसे या आकड्यांच्या बाहेर नाहीत. मधुमेह हा श्रीमंतांचा आजार म्हणण्याचे दिवस गेले.

बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे विसरू नये. घटनेच्या कामाच्या काळात त्यांचे पाय दुखत, झोप लागत नसे. समाजासाठी त्यांनी शरीर जाळले. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. आपल्यापुढे आहे. बाबासाहेबांनी व्यायाम केला नाही म्हणून आपणही करू नये, असे म्हणणारे महाभाग आम्हाला भेटले आहेत. त्यांना आधी बाबासाहेबांएवढे वाचून दाखवावे, असे सुचवावेसे वाटते.

आता तरुणांकडे वळू. शिरूर-दौंड पट्ट्यातच नव्हे, कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाच वाजता रस्त्यावर जा. पोलीस भरतीची मुले धावताना दिसतील. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक, मैदानी चाचणीचे एकूण ५० गुण. मागासवर्गीयांना वयाची अट ३३ पर्यंत. म्हणजे एखादा मुलगा अठराव्या वर्षी धावू लागला तर पंधरा वर्षे धावू शकतो. यादी लागते. ज्याचे नाव असते तो पेढे वाटतो. ज्याचे नसते तो दुसऱ्या दिवशी उठत नाही. बूट कोपऱ्यात जातात. "आता कशाला धावू? ग्राउंड तर संपलं." महिनाभरात तो सणसवाडी नाहीतर शिक्रापूरकडच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागतो. तंबाखू असते, नसेल तर येते. रात्री मोबाईल. कालपर्यंत हरणासारखा पळणारा पोरगा वर्षभरात जिना चढताना धापा टाकतो.

त्याने धावणे का सोडले? कारण ते त्याचे नव्हतेच, भरतीचे होते. पाय पुन्हा दुसऱ्याच्या यादीला बांधलेले! हे आम्हाला सर्वांत जास्त खटकते. नोकरी हुकलेल्या माणसाच्या हातून एकाच वेळी किती गोष्टी जातात, ते पाहा. पगाराची आशा जाते, घरात मान जातो, सकाळी उठण्याचे कारण जाते. अशा वेळी तो पहाटेचा रस्ताच त्याच्याकडे उरलेला असतो. तेवढा तरी त्याने सोडू नये. धावल्याने नोकरी मिळत नाही, हे खरे. पण झोप लागते, भूक लागते, सोबतची चार मुले भेटतात आणि पुढचा अर्ज भरण्याइतके डोके ठिकाणावर राहते. स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या खोल्यांत वर्षानुवर्षे बसलेल्या आपल्या मुलामुलींनाही आमचे हेच सांगणे आहे. बारा तास अभ्यास करता, त्यात अर्धा तास कमी केला तर आयोग नापास करणार नाही.

यात आता अग्निवीरांची भर पडली आहे. १४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करण्याची तरतूद झाली. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात. बाकीचे बाविशी-पंचविशीचे तरुण सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. १८९२ मध्ये भरतीचे दार बंद झाले होते. आता दार उघडे आहे, पण चार वर्षांनी त्याच दाराने बहुतेकांना बाहेर यायचे आहे. त्या धोरणावर भांडण्याचे मुद्दे वेगळे आहेत, ते भांडलेच पाहिजेत. पण घरी येणाऱ्या मुलाचे काय? कमावलेले शरीर ही त्याची एवढीच शिदोरी असेल जी ठेकेदार, सावकार किंवा नातेवाईक उसनी मागणार नाहीत. वस्तीत अशी मुले येतील तेव्हा त्यांना सुरक्षारक्षकाच्या टोपीत बसवण्याआधी वस्तीतल्या पोरांना पीटी शिकवायला उभे करा. समता सैनिक दलात निवृत्त फौजींनी हेच केले होते.

कारखान्यातल्या कामगाराला मात्र वेळ कोठून आणायचा? व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्यासाठी जे झगडले, त्यातून १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आठ तास काम म्हणजे उरलेल्या तासांवर माणसाचा हक्क. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. जादा तासांचे पैसे मिळतील, असे सांगितले जाते. बारा तास काम, दीड-दोन तास कंपनीच्या बसमध्ये, उरलेल्यात स्वयंपाक, मुले, झोप. मग चालणार कधी? "रोज व्यायाम करा" असे या कामगाराला सांगणाऱ्या डॉक्टरांनी या निर्णयाविषयीही दोन शब्द बोलावेत. आरोग्य हा सल्ल्याचा विषय करून ठेवला आहे, तो कामाच्या तासांचा विषय आहे. कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत पगारवाढ असते. आठ तासांचा मुद्दा त्यात पुन्हा वर आला पाहिजे.

आपल्या भगिनींची अडचण याहून वेगळी. शेतमजुरी करीत होती तेव्हा ती बांधाबांधाने चालत होती. आता ती पॅकिंगच्या टेबलापुढे बसते. गावात संध्याकाळी एकटी चालायला निघाली तर "कुठं निघाली?" असे दहा जण विचारतात. सुनेने चालायला जाणे म्हणजे घरात काम नसल्याचा पुरावा! पुरुष मैदानावर, बाई घरात, हा मनूचाच नकाशा आहे आणि तो आपल्याही घरात टांगलेला आहे. ज्या नवऱ्याला बायकोने पहाटे अर्धा तास चालावे असे वाटते, त्याने तेवढा अर्धा तास चूल, म्हणजे आता गॅस, सांभाळावा.

उपाय आपल्याच परंपरेत आहे. भगवान बुद्ध आणि भिक्खुसंघ नेमाने चंक्रमण करीत. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास सोसतो, उद्योगाला बळ येते, प्रकृती निरोगी राहते, खाल्लेले पचते आणि मिळालेली एकाग्रता टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे सांगणे आजच्या डॉक्टरांच्या सांगण्याशी जुळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगितला. पाच दिवस अर्धा तास झपाझपा चालणे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग. दोन दिवस उठाबशा, जोर. (सूर्यनमस्कारच घाला, असा कुणाचा आग्रह असेल तर शाळेतली साधी पीटी तितकीच कामाची आहे, हे त्याला नम्रपणे सांगावे.) अर्धा तास एकदम निघत नसेल तर जेवणानंतर दहा-दहा मिनिटे तीनदा चालावे. जेवणानंतरच्या चालण्याने साखर कमी चढते. रात्रपाळीच्या रक्षकाने तासाला एकदा इमारतीला फेरी मारावी. ज्यांना छातीत दुखते, चालताना दम लागतो त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा किंवा साखर ठेवावी. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये, पायाला जखम झालेली कळत नाही.

प्रत्येक वस्तीत विहार आहे. बहुतेक ठिकाणी तो रविवारी वंदनेला उघडतो आणि मग आठवडाभर कुलूप. विहार समितीने पहाटे साडेपाचला फाटक उघडावे, अंगणातला दिवा लावावा. तेथे बायकांना चालता येईल, कुणी हटकणार नाही. नोकरी गेलेला तरुण येईल, निवृत्त माणूस येईल, आणि चालता चालता कोणत्या कंपनीत जागा निघाली, कोणत्या खात्याची जाहिरात आली, हेही कळेल. आपल्या समाजात नोकरीची खबर नेहमी अशीच पोचली आहे. ग्रामपंचायतीच्या निधीतून गावोगाव जे व्यायामाचे लोखंडी सांगाडे उभे राहिले, त्यांतले बरेच गंजून पडले आहेत. त्यावर खर्च करण्याऐवजी वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याला दिवे आणि कडेला चालण्यापुरती सपाट जागा मागा. ग्रामसभेत लेखी मागा, ठरावाची नक्कल घ्या.

त्या दिवशी रांगेतून आम्ही आणि हवालदार बाहेर पडलो. चालतच निघालो. वाटेत ते दोनदा थांबले, एकदा पाण्यासाठी, एकदा गुडघ्यासाठी. स्तंभापुढे मात्र त्यांनी जी सलामी दिली ती पाहून शेजारची मुले आपोआप ताठ झाली. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "पुढच्या वर्षी लोणीकंदपासून चालत येतो." आम्ही त्यांना म्हटले, वर्षभर थांबू नका, उद्या सकाळी वीस मिनिटे चाला, पंधरा दिवसांनी पाच वाढवा. ज्यांना ३१ डिसेंबरच्या त्या रात्रीची आठवण म्हणून शिरूरहून पायी यायचे असेल त्यांनीही सहा महिने आधी सरावाला लागावे. एकदम चाळीस किलोमीटरची हौस कुणी करू नये. सराव पुणे-नगर रस्त्यावर करायचा असेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. अंधारात पांढरा सदरा घालावा. त्या रस्त्यावर पहाटेही ट्रक थांबत नाहीत.